‘रिफंड काढून देतो’ म्हणणाऱ्यांना आणि त्यांना ओटीपी सांगणाऱ्यांना

जून उजाडला, फॉर्म सोळा हातात पडला, की सातारा-सांगली पट्ट्यात एक वाक्य सगळीकडे ऐकू येतं : “आपला एक माणूस आहे, रिफंड काढून देतो.” शाळांच्या स्टाफरूममध्ये ऐकू येतं, साखर कारखान्याच्या टाइम ऑफिसबाहेर, एसटी डेपोत, पोलीस लाइनीत, माजी सैनिकांच्या कॅन्टीनच्या रांगेतही. सांगणारा उपकाराच्या सुरात सांगतो, ऐकणारा लगेच नंबर घेतो. संध्याकाळपर्यंत फॉर्म सोळाचा फोटो, पॅन, आधार आणि आयकर पोर्टलचा पासवर्ड व्हॉट्सॲपवर रवाना झालेला असतो. दोन दिवसांनी फोन येतो, “ओटीपी आला असंल बघा, सांगा.” ओटीपी सांगितला जातो आणि रिटर्न भरलं जातं. त्यात काय लिहिलंय हे ज्याच्या नावाचं रिटर्न आहे त्याने पाहिलेलंही नसतं.

या वागण्यामागे एक पक्कं मत आहे. ते मानणारी माणसं वाईट नाहीत. त्यांत माझे नातेवाईक आहेत, शेजारी आहेत, मला शिकवलेले गुरुजीही आहेत. म्हणून ते मत आधी त्यांच्याच शब्दांत मांडतो. कर तर पगारातूनच कापलेला असतो, मग रिटर्न ही नुसती कटकट. तो फॉर्म आपल्याला कळणारा नाही, ते जाणकाराचं काम. जाणकाराने ‘बसवून’ दिलं तर त्यात आपला काय दोष? शेवटी परत येतात ते आपलेच घामाचे पैसे. सरकार असंही लुटतंच. सगळेच करतात, आजवर कुणाचं काही झालं नाही. आणि जो हे करत नाही, तो भोळसट.

यातलं एकही वाक्य टिकणारं नाही. पण आधी ‘बसवून देणं’ म्हणजे नेमकं काय, ते आकड्यांत पाहू. कारण हे मत जिवंत राहतं ते आकडे न बघितल्यामुळेच.

एखाद्या माध्यमिक शिक्षकाचं 2024-25 चं उदाहरण घ्या. पगार 9 लाख. जुन्या करपद्धतीत 50,000 ची प्रमाणित वजावट, 2,500 व्यवसाय कर, भविष्य निर्वाह निधी आणि विमा मिळून 80 सी चे दीड लाख. उरलं 6,97,500. त्यावर उपकरासह कर होतो 54,080 रुपये, आणि समजा शाळेने तेवढाच कापला. आता ‘आपला माणूस’ कामाला लागतो. त्याचं लक्ष्य ठरलेलं असतं : उत्पन्न 5 लाखांवर आणायचं, कारण जुन्या पद्धतीत तिथे 87 ए ची सूट लागते आणि कर शून्य होतो. म्हणजे 1,97,500 रुपयांची वजावट कुठून तरी उभी करायची. मग 80 जीजीसी खाली, नाव कधी न ऐकलेल्या एखाद्या राजकीय पक्षाला लाखाची देणगी दाखवायची. उरलेल्यासाठी 80 ई खाली शैक्षणिक कर्जाचं व्याज, मुलगा अजून सहावीत असला तरी. किंवा घरभाडं, तीन पिढ्या स्वतःच्या वाड्यात राहत असले तरी. झाले 5 लाख, आले 54,080 परत. त्यातला दहा टक्के, वीस टक्के, जो काही ठरला असेल तो हिस्सा त्याचा.

याला हुशारी म्हणायचं? त्याच शिक्षकाने नवी करपद्धत निवडली असती, तर 75,000 ची प्रमाणित वजावट धरून त्याचा कर 33,800 आला असता. म्हणजे एकही खोटा आकडा न लिहिता 20,280 रुपये परत मिळाले असते, आणि ही निवड रिटर्न भरताना वेळेत करता येत होती. त्या ‘जाणकाराने’ हे सांगितलं का? 2025-26 या वर्षासाठी तर नव्या पद्धतीत 12 लाखांपर्यंतच्या उत्पन्नावर कर शून्य होतो. पगारदाराला प्रमाणित वजावटीमुळे ती मर्यादा पावणेतेरा लाखांपर्यंत जाते. आपल्या दोन्ही जिल्ह्यांतले बहुसंख्य शिक्षक, लिपिक, कामगार, शिपाई याच्या आत बसतात. कायद्यानेच कर शून्य होत असताना खोट्या देणगीची गरज कुणाला आहे? ती फक्त टक्केवारीवर जगणाऱ्याला आहे. गिऱ्हाइकाचा रिफंड वाढला तरच त्याची कमाई वाढते.

इथे ‘जाणकार’ या शब्दाचा गैरवापर थांबवायला हवा. सनदी लेखापालाला आपली फी कामाच्या निकालावर किंवा टक्केवारीवर ठरवता येत नाही. 1949 च्या सनदी लेखापाल कायद्यानुसार तो व्यावसायिक गैरवर्तनाचा प्रकार आहे. कारण उघड आहे. ज्याचं पोट रिफंडच्या आकड्यावर, तो आकडा खरा ठेवणार कसा? सांगली, कराड, इस्लामपूर, साताऱ्यात सचोटीने काम करणारे कर सल्लागार आहेत. ते कागद मागतात, पावती नसेल तर वजावट घालत नाहीत, ठरावीक फी घेतात. त्यांच्याकडून उठून माणसं दुसरीकडे जातात ती याच कारणाने : “तो लई कायदा सांगतो.” खऱ्या जाणकाराला सोडून लबाडाकडे जायचं आणि वर म्हणायचं, आम्ही जाणकारावर विसंबलो होतो. हा बचाव कुणापुढे टिकेल?

कायद्यापुढे तर नाहीच टिकत. प्रत्येक रिटर्नच्या शेवटी सत्यापन असतं. मी अमुक, अमुक यांचा मुलगा किंवा मुलगी, दिलेली माहिती माझ्या माहितीप्रमाणे खरी आणि पूर्ण आहे, असं ते निवेदन. त्याखाली एजंटाचं नाव नसतं. तुम्ही फोनवर सांगितलेले ते सहा आकडे म्हणजे तुमची सही आहे. चेकबुकावर कोऱ्या सह्या करून कुणाच्या हाती देणारा शिक्षक मला दाखवा. मिळणार नाही. पण वर्षभराच्या उत्पन्नाच्या प्रतिज्ञापत्रावरची सही तोच माणूस बसस्टँडवर उभ्या उभ्या देऊन टाकतो. उत्पन्नाची चुकीची माहिती दिली तर 1961 च्या आयकर कायद्याचं कलम 270 ए दंड सांगतं तो बुडवलेल्या कराच्या दुप्पट, म्हणजे 200 टक्के. कलम 277 खोट्या सत्यापनासाठी खटल्याचं आणि कैदेचं आहे. वरच्या शिक्षकाचा हिशेब पुन्हा मांडा : कर परत करायचा, त्याच्या दुप्पट दंड, वर व्याज. दीड लाखाच्या पुढे जाणारी रक्कम. एजंटाला दिलेला हिस्सा गेला तो गेलाच. त्या वेळी एजंट कानावर हात ठेवतो, आणि कागदावर त्याचं नाव नसल्यामुळे त्याला ते सोपं जातं.

“आजवर कुणाचं काही झालं नाही” म्हणणाऱ्यांनी 14 जुलै 2025 ही तारीख आठवावी. त्या दिवशी आयकर विभागाने देशात 150 ठिकाणी पडताळणीची कारवाई केली. ज्या राज्यांतले प्रकार विभागाने नाव घेऊन सांगितले, त्यांत महाराष्ट्र होता. कारवाईचा रोख याच लोकांवर होता : कमिशनवर फुगवलेले रिफंड काढून देणारे रिटर्न भरणारे आणि दलाल. घरभाडं, राजकीय देणगी, शैक्षणिक कर्ज, आरोग्य विमा, विजेवरच्या गाडीचं कर्ज, गंभीर आजारावरचा खर्च, ही वापरलेली कलमंही विभागाने सांगितली. लाभ घेणाऱ्यांत सरकारी संस्था आणि शैक्षणिक संस्थांचे कर्मचारी असल्याचंही सांगितलं. त्याआधीच्या चार महिन्यांत सुमारे 40,000 करदात्यांनी आपली रिटर्न अद्ययावत करून 1,045 कोटी रुपयांचे खोटे दावे स्वतःहून मागे घेतले होते. ज्यांचं ‘काही झालं नाही’, त्यांच्यापैकी अनेकांना काय झालंय हेच कळलेलं नाही.

त्यांना ते का कळत नाही, हेही नीट समजून घ्या. आता आयकर विभागात बोलावून समोर बसवायची पद्धत मागे पडली. नोटीस ई-मेलवर आणि पोर्टलवर येते. विभागाने त्या कारवाईच्या वेळीच सांगितलं की हे लोक घाऊक रिटर्नसाठी तात्पुरते ई-मेल पत्ते उघडतात आणि नंतर टाकून देतात, त्यामुळे नोटिसा न वाचताच पडून राहतात. तुमच्या ओळखीतल्या कुणाचंही लॉगिन उघडून ‘माझी प्रोफाइल’ बघा. मोबाईल अनोळखी, ई-मेल कसल्या तरी आकड्यांचा, बँक खातं तेवढं स्वतःचं. उत्तराची मुदत टळते, एकतर्फी आदेश निघतो, मागणी उभी राहते, आणि माणसाला पहिल्यांदा कळतं ते पुढच्या वर्षीचा खरा रिफंड जुन्या मागणीत वळता झाल्यावर. मग धावपळ, मग वकील. निस्तरायला कुणाला लागतं? ज्याच्या पॅनवर ते आहे त्याला.

आता “फॉर्म अवघड आहे” या तक्रारीकडे. ज्याला पगार किंवा पेन्शन आहे, एखादं घर आहे, बँकेचं व्याज आहे आणि उत्पन्न 50 लाखांच्या आत आहे, त्याच्यासाठी आयटीआर 1 आहे. पोर्टल उघडलं की पगाराचे आकडे भरूनच आलेले असतात, कारण शाळेने किंवा कारखान्याने ते आधीच कळवलेले असतात. 26 एएस मध्ये कापलेला कर दिसतो. नोव्हेंबर 2021 पासून वार्षिक माहिती विवरण, म्हणजे एआयएस, मिळतं. त्यात कुठल्या बँकेने किती व्याज दिलं, कुठल्या म्युच्युअल फंडातून काय विकलं, हे ओळीने असतं. करायचं एवढंच : फॉर्म सोळा, 26 एएस आणि एआयएस शेजारी ठेवायचे, आकडे जुळतात का पाहायचे, सुटलेलं व्याज घालायचं, नवी पद्धत की जुनी हे दोन्हीकडचा कर बघून ठरवायचं, आणि तीस दिवसांच्या आत सत्यापन करायचं. जो गुरुजी 60 मुलांच्या निकालपत्रकांची बेरीज एका गुणाने चुकू देत नाही, ज्याला शालार्थ आणि यू-डायसच्या माहितीचे रकाने रात्री अकरा वाजता भरावे लागतात, त्याने म्हणावं मला हा फॉर्म कळत नाही? त्याला कळतो. त्याने कधी उघडलेला नाही, एवढंच.

आपल्याकडे खरोखर अवघड होतं ते शेतीपाशी. नोकरदाराच्या नावावर शेती असणं सांगली-साताऱ्यात घरोघरी आहे. तासगाव, कवठे महांकाळ, मिरज पट्ट्यात द्राक्षबाग, कराड, वाळवा, पलूसला ऊस, कुणाची हळद. शेतीचं उत्पन्न 1886 च्या कायद्यापासून आयकराबाहेर राहिलं आहे आणि आजही ते करमुक्त आहे. म्हणून सर्रास समज असा की ते रिटर्नमध्ये दाखवायचंच नाही. हा समज चूक आहे. शेतीचं निव्वळ उत्पन्न 5,000 रुपयांच्या वर गेलं की आयटीआर 1 चालत नाही, आयटीआर 2 भरावं लागतं. शेतीवर कर बसत नाही, पण पगारावरचा दर काढताना ते उत्पन्न हिशेबात धरलं जातं. आणि शेतीचं उत्पन्न 5 लाखांच्या वर असेल तर फॉर्म जमिनीचा जिल्हा आणि पिनकोड विचारतो, क्षेत्र किती एकर, स्वतःची की खंडाने घेतलेली, बागायत की जिरायत, हे विचारतो.

तीन एकर बाग असलेल्या मास्तरांच्या रिटर्नमध्ये शेती शून्य असते. उलट बाजूला कर्जप्रकरणासाठी, किंवा दुसरीकडून आलेल्या रोख रकमेला वाट देण्यासाठी, माळरानाच्या कोरडवाहू तुकड्यावर दहा-दहा लाखांचं शेती उत्पन्न दाखवणारेही आहेत. दोन्ही आकडे एजंटाने बसवलेले असतात. सातबारा आता ऑनलाइन आहे, 2021 पासून ई-पीक पाहणी आहे, कारखान्याकडे उसाच्या वजनाची नोंद आहे, बेदाणा आणि हळद मार्केट यार्डातून पट्टीवर जाते. ज्या उत्पन्नावर एक रुपया कर नाही, ते खरं सांगण्यात नुकसान कसलं? शेतकऱ्याला करसवलत का, असं पुण्या-मुंबईच्या माणसाने विचारलं की आपण सगळे चिडतो, आणि ते रास्तही आहे. गारपिटीने एका रात्रीत बाग आडवी झालेली आपण पाहिली आहे. पण त्या सवलतीच्या आड काळा पैसा पांढरा करणाऱ्यावर आपण चिडत नाही. खऱ्या शेतकऱ्याची सवलत धोक्यात येईल ती याच माणसामुळे.

दुसरा तितकाच पसरलेला गैरसमज व्याजाचा. पतसंस्था कर कापत नाही, म्हणून तिथलं व्याज करमुक्त, असं ठामपणे सांगणारी सुशिक्षित माणसं मला दर वर्षी भेटतात. लहान पतसंस्थेला सभासदाच्या व्याजातून कर कापावा लागत नाही, एवढंच खरं आहे. व्याज करपात्रच असतं. कापणं वेगळं आणि कर लागू असणं वेगळं. तसंच, “12 लाखांपर्यंत टॅक्स नाही, मग रिटर्न कशाला?” हा गेल्या वर्षभरात तयार झालेला प्रश्न. 12 लाखांचा शून्य कर ही रिबेटमुळे मिळणारी सूट आहे. रिटर्न भरायची सक्ती मूळ मर्यादेवर ठरते, आणि नव्या पद्धतीत 2025-26 साठी ती 4 लाख आहे. सहा लाख पेन्शन असलेल्याला कर शून्य, पण रिटर्न भरावंच लागतं. उशीर झाला तर विलंब शुल्क आहे, 5 लाखांपर्यंत उत्पन्न असेल तर 1,000 आणि त्यावर असेल तर 5,000.

ज्यांना रिटर्नने खरोखर पैसे मिळायला हवेत, त्यांच्याकडे मात्र हे रिफंडवाले फिरकत नाहीत. गावाकडची एकटी राहणारी वयस्कर बाई घ्या. नवऱ्याच्या फंडाचे पैसे बँकेत ठेव म्हणून आहेत, व्याजाने 1 लाखाची मर्यादा ओलांडली म्हणून बँकेने दहा टक्के कापले. तिचं एकूण उत्पन्न करपात्र मर्यादेच्या खूप खाली. वर्षाच्या सुरुवातीला फॉर्म 15 एच दिला असता तर काही कापलं गेलं नसतं. दिला नाही, तर रिटर्न भरून सगळेच्या सगळे परत मिळतात. पण हे काम हजार-दोन हजारांचं, म्हणून तिला कुणी सांगत नाही, आणि पैसे सरकारजमा राहतात.

सातारा जिल्हा सैनिकांचा. अपशिंगे मिलिटरीसारख्या गावांनी पिढ्यान्‌पिढ्या घरटी माणूस फौजेला दिला. कर्तव्यावर, मोहिमेत मृत्यू आलेल्या जवानाच्या पत्नीचं कुटुंब निवृत्तिवेतन कलम 10(19) खाली पूर्ण करमुक्त आहे. परमवीर, महावीर, वीरचक्रासारख्या पदकधारकांचं निवृत्तिवेतन 10(18) खाली करमुक्त आहे. इतर माजी सैनिकांचं नेहमीचं निवृत्तिवेतन करपात्र आहे, आणि त्यांच्या मागे पत्नीला मिळणारं साधं कुटुंब निवृत्तिवेतन ‘इतर उत्पन्नात’ दाखवायचं असतं. त्यावर एक तृतीयांश किंवा नव्या पद्धतीत 25,000, यातली कमी असेल ती वजावट. हे माहीत नसलेला माणूस शहीद जवानाच्या पत्नीचं करमुक्त वेतन करपात्र म्हणून भरतो आणि सुभेदाराच्या विधवेचं वेतन ‘पगार’ म्हणून दाखवून नसलेली प्रमाणित वजावट घेतो. एकीचे पैसे गेले, दुसरीच्या मानेवर नोटीस. दोघींचं रिटर्न भरणारा तोच, ‘आपला माणूस’. ज्या जिल्ह्याला आपल्या सैनिकांचा इतका अभिमान आहे, त्याने त्यांच्या बायकांचे कागद निदान वाचता येणाऱ्या माणसाकडे द्यायला नकोत का?

“सरकार लुटतं, मग आपण आपले पैसे परत घेतले तर बिघडलं काय?” हे बोलणं ऐकलं की मला सर्वांत जास्त राग येतो, आणि तो विशेषतः सरकारी किंवा अनुदानित नोकरीतल्या माणसाकडून ऐकताना. जिल्हा परिषदेच्या शाळेतला पगार येतो कुठून? केंद्राने गोळा केलेल्या करांच्या विभाज्य निधीतला 41 टक्के वाटा राज्यांना मिळायचा, असं पंधराव्या वित्त आयोगाने ठरवलं होतं. आयकर त्या निधीचा मोठा भाग आहे. वेतन आयोग हवा, जुनी पेन्शन हवी, महागाई भत्त्याची थकबाकी हवी म्हणून मोर्चा काढायचा, आणि ज्या तिजोरीतून ते सगळं यायचं तिला खोट्या देणगीची पावती दाखवायची? मोर्चातल्या मागण्या मला मान्य आहेत. म्हणूनच हे मान्य होत नाही.

काही जण याला बंडाचा रंग देतात. ही क्रांतिसिंह नाना पाटलांची भूमी, इथल्या माणसाने सत्तेपुढे मान तुकवली नाही, वगैरे. पण सारा नाकारणाऱ्यांनी तो उघड नाकारला होता. 1928 मध्ये बारडोलीच्या शेतकऱ्यांनी सारा भरणार नाही असं तोंडावर सांगितलं आणि जमिनी-गुरं जप्त होऊ दिली. 1930 मध्ये शिराळ्याजवळच्या बिळाशीने जंगल सत्याग्रह केला तो दिवसाढवळ्या, लाठ्या खाऊन. नाना पाटलांच्या प्रतिसरकारची माणसं भूमिगत होती, पण आपण कुणाविरुद्ध आणि का लढतोय हे त्यांनी कधी लपवलं नाही. त्यांची नावं 80 जीजीसीच्या रकान्यात एक लाख लिहिणाऱ्याने घ्यावीत? कर अन्यायाचा वाटतो तर तसं लिहा, बोला, मत द्या. नोकरदाराच्या पगारातून पै-पै कापली जाते आणि मोठा व्यापारी रोखीत सुटतो, ही तक्रार खरी आहे, मीही ती करतो. पण तो सुटतो म्हणून मी खोटं प्रतिज्ञापत्र करीन, यात तक्रार कुठे उरली?

या खोटेपणाचा भार कुणावर पडतो, तेही पाहा. 80 डीडीबी नावाचं कलम आहे. कॅन्सर, मूत्रपिंड निकामी होणं, थॅलेसेमिया, हिमोफिलिया, पार्किन्सन अशा आजारांवर झालेल्या खर्चाची वजावट. ज्येष्ठ नागरिकासाठी मर्यादा 1 लाख. मिरजेच्या दवाखान्यांत सांगली, सातारा, सोलापूर, अगदी कर्नाटकातून माणसं उपचाराला येतात; केमोच्या एका फेरीसाठी दागिने मोडलेली कुटुंबं तिथल्या व्हरांड्यात बसलेली असतात. हे कलम त्यांच्यासाठी आहे. आणि आपला रिफंडवाला 1 लाखाची जागा भरायची म्हणून यादी उघडतो आणि धडधाकट आईच्या नावापुढे एक आजार निवडतो. मुलाला ते माहीतही नसतं, कारण त्याने वाचलेलं नसतं. माहीत असतं तर आईच्या नावापुढे कॅन्सर लिहू दिला असता का? आता 2025 पासून फॉर्ममध्ये आजाराचं नाव, विम्याचा पॉलिसी क्रमांक, कर्जाचा खाते क्रमांक, कर्ज देणाऱ्या बँकेचं नाव भरावं लागतं. हा जाच का वाढला? ज्यांनी खोटं लिहिलं त्यांच्यामुळे. तो सोसतोय कोण? ज्याची आई खरंच आजारी आहे तो, कागद गोळा करत.

म्हणून माझं म्हणणं कुणालाही दुखावण्याची भीती न ठेवता पुन्हा सांगतो. रिटर्न हे तुमचं निवेदन आहे आणि त्याची जबाबदारी दुसऱ्याच्या खांद्यावर जात नाही, पैसे देऊनही नाही. मदत घ्या, जरूर घ्या, ठरावीक फी देऊन चांगल्या माणसाची घ्या. टक्केवारी मागणाऱ्याच्या दारातून परत फिरा. पासवर्ड आजच बदला. प्रोफाइलमध्ये मोबाईल आणि ई-मेल तुमचा स्वतःचा घाला. ओटीपी सांगण्याआधी भरलेल्या फॉर्मची प्रत मागा, वजावटीचं पान काढा, आणि प्रत्येक ओळीला विचारा : याची पावती माझ्याकडे आहे का? नसेल, तर ती ओळ पुसायला लावा. शिक्षक संघटना, कामगार संघटना, माजी सैनिकांच्या संघटना जूनमध्ये एक दिवस हॉल घेऊन सभासदांना स्वतःचं रिटर्न स्वतः भरायला शिकवू शकतात. एका संगणकाचं आणि प्रोजेक्टरचं काम आहे. ज्या संघटनेच्या कार्यालयातच रिफंडवाल्याचं टेबल लागतं, तिथल्या सभासदांनी ते टेबल उठवायला लावावं.

आणि ज्यांनी मागच्या वर्षांत ओटीपी सांगितला आहे, त्यांनी आता नव्या कायद्याकडे डोळे लावून बसू नये. 1 एप्रिल 2026 पासून 2025 चा आयकर कायदा लागू झाला, तरी मागच्या वर्षांची रिटर्न जुन्याच कायद्याने तपासली जातील. त्यांच्यासाठी अद्ययावत रिटर्नची वाट आहे. मूल्यांकन वर्ष संपल्यापासून 48 महिन्यांपर्यंत चुकीचा दावा मागे घेऊन कर, व्याज आणि वर 25 ते 70 टक्के जादा कर भरता येतो. जितका उशीर, तितका टक्का जास्त. नोटिशीची वाट न पाहता हे करायचं. आर्थिक वर्ष 2021-22 च्या रिटर्नसाठी ही मुदत 31 मार्च 2027 ला संपते.